म्हशीचे ब्रेक

थोरल्या नातीचं लग्न ठरलं, त्या वर्षीची ही गोष्ट. बोलणी झाली, तारीख ठरली आणि पंधरवडा उलटतो न उलटतो तोच मिस्त्रीच्या बायकोला झटका आला. सकाळी चहाचा कप उचलायला गेली, कप हातातून सुटला, आणि ‘अरे देवा’ म्हणायला तोंड उघडलं ते तसंच उघडं राहिलं. उजवा हात गेला, उजवा पाय गेला. पण घरच्यांच्या जिवाला लागलं ते तिचं बोलणं जाणं.

कारण बाई तोंडाळ होती. वाईट अर्थानं नाही, पण तिचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचा नाही. मिस्त्रीचं गॅरेज घराला लागूनच होतं, स्वयंपाकघराचं दार थेट गॅरेजात उघडायचं. मिस्त्री सगळा दिवस कुठल्या ना कुठल्या गाडीखाली आडवा असायचा, बाहेर दिसायचे ते फक्त त्याचे पाय. ती त्या पायांशी बोलायची. दारात उभी राहून शेजारणीची उणीदुणी सांगायची, मुलाच्या शाळेचं सांगायची, भांडायचीसुद्धा. डाव्या पायाचा अंगठा हलला की तिच्या लेखी त्यानं ऐकलं. नाही हलला की म्हणायची, “झोपलात की मेलात?” मग अंगठा हलायचा.

आता त्या दारात चाकाची खुर्ची आली. तिच्यात ती बसायची, आणि गप्प.

डॉक्टर म्हणाले, “जीव वाचला हे काय कमी आहे? बोलणं आलं तर आलं. फार आशा धरू नका.”

मिस्त्रीनं मान हलवली. आशा धरायची नाही म्हणजे काय करायचं, ते त्याला कळलं नाही.

लग्नाची गडबड मात्र थांबणारी नव्हती. नातीनं आधीच जाहीर करून टाकलं होतं, “लग्नाला मी म्हशीतूनच जाणार. आणि आजी पुढे बसणार.”

म्हैस म्हणजे घरातली जुनी गाडी. काळी, जाड पत्र्याची, रुंद बसक्या तोंडाची. मुलगा जन्मला त्या सुमारास मिस्त्रीनं ती भंगारातून ओढून आणली होती आणि बायकोनं बघताक्षणीच तिचं बारसं केलं होतं. “घरात दूध नाही आणि हा माणूस म्हैस घेऊन आला,” ती म्हणाली होती. मुलाला तिच्यातूनच शाळेत सोडलं, नातीला तिच्याच मागच्या सीटवर झोपवलं. गाडीखाली तेल ठिबकलेलं दिसलं की ती आतून ओरडायची, “अहो, म्हशीला पान्हा फुटलाय, बघा.”

आता म्हैस कितीतरी दिवस एका जागी उभी होती आणि ब्रेक पार बसले होते. पेडल दाबलं की थेट तळाला जायचं. मुलगा म्हणाला, “बाबा, राहू द्या. दुसरी गाडी भाड्यानं घेऊ. तुमचं मन तरी आहे का कामात?”

“मन नाही म्हणूनच करतो,” मिस्त्री म्हणाला.

गळती शोधायची त्याची जुनी रीत होती. रात्री चारी चाकांखाली पुठ्ठ्याचे तुकडे सरकवून ठेवायचे आणि सकाळी उठून बघायचं, कोणतं चाक रडलं. सकाळी मागच्या डाव्या चाकाखालचा पुठ्ठा ओला होता. त्यानं बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. इंजिनचं तेल काळं आणि चिकट, पाण्यानं जात नाही. हे ब्रेक ऑइल होतं, पातळ, फिकट, पाण्याखाली धरलं की जाणारं आणि गाडीच्या रंगावर सांडलं तर रंग खाणारं. त्यानं चाक काढलं, ब्रेकचा ड्रम उतरवला. आतल्या छोट्या सिलेंडरमधलं रबर सुकून म्हाताऱ्याच्या टाचेसारखं चिरलं होतं. सिलेंडर आतून घासून गुळगुळीत केला, नवं रबर बसवलं, ऑइलची नळी जोडली, नट आवळला. आता राहिली होती हवा काढायची.

नळीत हवा शिरली की पेडल मऊ पडतं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला माणसं दोन लागतात. एक आत बसून पेडल दाबून धरणार, दुसरा खाली चाकापाशी बारीक तोंड उघडून हवा आणि ऑइल बाहेर घेणार, तोंड बंद करणार, मग वरचा पाय सोडणार. वरच्यानं आधी सोडलं की हवा परत आत. डोळ्यांनी एकमेकांना बघता येत नाही, सगळा कारभार आवाजावर. इतर गॅरेजवाले हाताखाली माणूस ठेवायचे. मिस्त्री बायकोला हाक मारायचा. ती गॅस बारीक करून, हात पुसत यायची आणि कुणाच्याही गाडीत ऐटीत जाऊन बसायची.

“दाब.”

“दाबलं.”

“सोड.”

“सोडलं.”

असं चारी चाकांचं झालं की तो गाडीखालून विचारायचा, “कसं?” आणि ती पेडलवर पाय ठेवून निकाल द्यायची. मऊ असलं तर “लोणी.” पक्कं झालं असलं तर “दगड.” ती दगड म्हणाली की मिस्त्री पाने पुसून ठेवायचा. स्वतः पाय लावून बघायची गरज त्याला संसारात कधी पडली नाही.

त्या दिवशी पेडलवर मुलाला बसवलं. मुलगा ऑफिसात काम करणारा. गाड्यांत त्याला गोडी नव्हती आणि हातात फोन होता. बायको दारात, खुर्चीत. मिस्त्री चाकापाशी आडवा झाला, निप्पलला, म्हणजे त्या बारीक तोंडाला, पारदर्शक नळी लावली, तिचं टोक बरणीतल्या ऑइलमध्ये बुडवलं, पाना लावला आणि सवयीनं म्हणाला, “दाब.”

“दाबलं.”

मिस्त्रीनं पाना फिरवला. नळीत काही आलं नाही. दाबलं म्हणते आणि ऑइल का येत नाही, हा विचार त्याच्या डोक्यात आधी आला. आवाज कुणाचा होता हे नंतर कळलं.

मुलानं पेडलला पायच लावला नव्हता. तो फोन मांडीवर ठेवून दाराकडे बघत होता.

मिस्त्री गाडीखालून बाहेर आला नाही. बाहेर आलो तर ते पळून जाईल असं त्याला वाटलं. तो हळूच म्हणाला, “सोड.”

“सोडलं,” ती म्हणाली. तोच आवाज, तोच ‘लं’वरचा ठोसा.

मग घर गोळा झालं. सून धावत आली, नात आली, शेजारचा टायरवाला हातातली ट्यूब तशीच घेऊन आला. सगळ्यांनी तिच्याभोवती फेर धरला. “आई, पाणी म्हणा.” “आजी, माझं नाव घे.” टायरवाला म्हणाला, “वहिनी, मला एक शिवी द्या, नेहमीची.” ती सगळ्यांकडे बघत राहिली. ओठ हलले, शब्द नाही. संध्याकाळी पलंगाशी बसून मिस्त्रीनं हळूच म्हणून पाहिलं, “दाब.” तिनं नुसतं त्याच्याकडे बघितलं, हा माणूस पलंगावर काय दाबायला सांगतो, अशा नजरेनं.

डॉक्टर म्हणाले, असं होतं कधीकधी. आयुष्यभर घासून गुळगुळीत झालेले शब्द राहतात. तेवढेच.

तेवढेच, तर तेवढेच. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीनं मुलाच्या मदतीनं तिला उचलून म्हशीच्या स्टेअरिंगपाशी बसवलं. पाठीला उशी लावली. उजवा पाय उपयोगाचा नव्हता, तो बाजूला ठेवून डावा पेडलवर नेला. पहिल्या दिवशी शब्द आणि पाय यांची गाठच पडेना. ती दाबलं म्हणायची आणि पाय तसाच. कधी पाय दाबायची आणि शब्द मागून यायचा. एवढ्या वर्षांत त्या शब्दावर विसंबून त्यानं डोळे झाकून पाना फिरवला होता, आता फिरवायच्या आधी वाकून तिच्या पावलाकडे बघायला लागायचं. पण हळूहळू डाव्या पायानं उजव्याचं काम उचललं. शब्द आणि पाय एकत्र पडायला लागले. नळीतून बुडबुडे यायचे, मग नुसतं स्वच्छ ऑइल यायचं. व्यायाम करून घ्यायला बाई यायची ती म्हणाली, “हे माझ्यापेक्षा चांगलं चाललंय.”

एक चाक झालं की तो म्हणायचा, “आज पुरे.” दुसरं दुसऱ्या दिवशी. शेवटचं चाक झालं तेव्हा मिस्त्रीनं निप्पल आवळलं, नळी काढली आणि गाडीखालूनच विचारलं, “कसं?”

आतून आवाज आला, “द… द…” पुढे काही नाही. तो थांबला. पुन्हा “द…” आणि मग स्टेअरिंगवर हात आपटल्याचा आवाज.

शब्द जिभेच्या टोकाशी आला होता. मिस्त्रीनं ते स्वतःच्या कानांनी ऐकलं होतं.

पण काम संपलं होतं. दुसऱ्या दिवशी ती दारात खुर्चीत बसून राहिली, गप्प. मिस्त्रीनं तिला पुन्हा गाडीत बसवलं, स्वतः उगीच चाकाखाली आडवा झाला आणि म्हणाला, “दाब.” तिनं पाय लावला. पेडल घट्ट. आत हवा नाही, काढायचं काही नाही, हे पावलाला कळायला वेळ लागला नाही. ती बोलली नाही. डाव्या हातानं जोरात हॉर्न वाजवला. मिस्त्री दचकून उठला आणि कपाळ पत्र्यावर आपटलं. तिच्या तोंडाची डावी बाजू हसत होती.

खोटं काम तिच्यापाशी चालणार नव्हतं. काम खरं हवं होतं.

दुसऱ्या दिवशी घर उठायच्या आत मिस्त्री गॅरेजात गेला. मागच्या डाव्या चाकाशी वाकला आणि सिलेंडरवरचा ऑइलच्या नळीचा नट थोडासा ढिला केला. खालच्या पुठ्ठ्यावर थेंब पडू दिले. आत जाऊन दोनचारदा पेडल मारलं, हवा शिरली. मग चहाच्या वेळी ओला पुठ्ठा घेऊन स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिला आणि म्हणाला, “म्हशीला परत पान्हा फुटला.”

त्याला वाटलं होतं, एकदाच. दगड शब्द आला की बस. पण दगड आला नाही, दाबलं सोडलं मात्र आलं, आणि ते ऐकल्यावर दुसऱ्या सकाळी त्याचा हात आपसूक पान्याकडे गेला. मग ते रोजचंच झालं. सकाळी ढिला करायचा, दुपारी आवळून दोघांनी हवा काढायची, सकाळी पुन्हा ढिला. ऑइल पैपाहुण्यासारखं येत होतं आणि जात होतं. पेडल रोज घट्ट होत आलं की तो “राहू दे, उद्या बघू” म्हणायचा. कारण ते पुरं घट्ट झालं तर त्या दिवसासारखं गप्प बसणं वाट्याला येईल, ही भीती.

टायरवाल्याला संशय आला. म्हणाला, “मिस्त्री, अख्ख्या गल्लीच्या गळत्या बंद केल्यास, आणि तुझी स्वतःची म्हैस रोज गळते?”

“जुनं रबर आहे.”

“नवंच घातलंस ना?”

“तू तुझे पंक्चर बघ.”

मुलगाही कुरकुरला. लग्न जवळ आलं होतं, गाडी रंगवायची होती, सजवायची होती. “बाबा, तारीख पुढे जाणार नाही. शेवटचं कधी होणार हे?”

“होईल.”

“रोज हेच म्हणता.”

आणि मग ती दुपार आली. नेहमीसारखंच चाललं होतं. दाब, दाबलं, सोड, सोडलं. त्या दिवशी सकाळी नट जरा जास्तच ढिला झाला होता आणि हवा खूप शिरली होती. पेडल पुन्हा पुन्हा तळाला जात होतं. मिस्त्री म्हणाला, “दाब.” उत्तर आलं नाही. “अगं, दाब.” काही नाही. मग धप धप असा आवाज यायला लागला. त्याला वाटलं पेडल मारतेय. बाहेर येऊन बघितलं तर ती डावी मूठ वळून स्वतःच्याच डाव्या मांडीवर मारत होती. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मूठ मारायची, पेडलकडे बोट दाखवायची, पुन्हा पायावर मूठ मारायची.

मिस्त्रीला कळायला क्षण लागला. इतके दिवस ती पेडल दाबत होती आणि पेडल पक्कं होत नव्हतं. गळतीवर तिचा विश्वास नव्हता. नवऱ्याच्या हातची गळती दुसऱ्यांदा होत नाही, हे तिला ठाऊक होतं. मग चूक कुणाची? तिनं आपल्या पायाची धरली होती. उरलेला एकच धड पाय, तोही आता निकामी झाला, असं ती रोज मनाशी घेऊन पलंगावर जात होती. आणि मिस्त्री रोज तिचे शब्द कानात घालून सुखानं झोपत होता.

त्यानं तिची मूठ धरली. मुलाला हाक मारली नाही. स्वतःच कसंबसं तिला उचलून खुर्चीत ठेवलं आणि खुर्ची ढकलत मागच्या डाव्या चाकापाशी नेली. चाक काढलेलंच होतं. तिचं बोट धरून त्यानं नटावर टेकवलं. मग पाना लावला आणि तिच्या डोळ्यांदेखत नट ढिला केला. थेंब आला, तिच्या बोटावर पडला. पुन्हा आवळला, थेंब थांबला.

“हे मी करत होतो,” तो म्हणाला. “रोज सकाळी. तुझ्या पायाला काही झालेलं नाही. तुझा पाय चांगला आहे.”

ती बघत राहिली, नटाकडे, मग त्याच्याकडे. तो खाली बसला होता.

“तू बोलतेस ना, म्हणून,” तो म्हणाला. “दुसरं कसं बोलवायचं तुला, ते मला सुचलं नाही.”

तिनं खुर्चीच्या दांड्यावरचं फडकं ओढून घेतलं. त्याला वाटलं आता तोंडावर फेकणार. तिनं त्याचा हात ओढला आणि बोटांवरचं ऑइल एकेक करून पुसलं. पुसून झाल्यावर खाली ठेवलेला पाना उचलून त्याच्या हातात दिला आणि हनुवटीनं चाकाकडे खूण केली. नीट कर.

मिस्त्रीनं नीट केलं. नट पुरता आवळला, तिला पुन्हा स्टेअरिंगपाशी बसवलं. सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरुवात करून एकेका चाकाची हवा काढली. त्या दिवशी ती प्रत्येक वेळी बोलली, एकदाही चुकली नाही. दाबलं. सोडलं. दाबलं. सोडलं. मिस्त्रीला कुठलंच चाक संपू नये असं वाटत होतं, आणि हात मात्र सवयीनं भराभर चालत होते. शेवटच्या चाकाचं निप्पल आवळून तो तसाच गाडीखाली पडून राहिला. विचारायचं धाडस होईना. विचारलं की संपलं.

आतून हॉर्न वाजला, लहानसा.

“कसं?” मिस्त्री म्हणाला.

“दगड,” ती म्हणाली.

त्यानं पाने पुसून ठेवले.

लग्नाला म्हैस गेली. काळा रंग चकाचक झाला होता. मुलगा चालवत होता, आजी पुढे बसली होती, नात आणि मिस्त्री मागे. उतारावर मुलानं ब्रेक दाबला आणि गाडी जागच्या जागी उभी राहिली. तो मागच्या आरशात बापाकडे बघून म्हणाला, “मानलं बाबा.” मिस्त्रीनं खिडकीबाहेर बघितलं. आजीनं डाव्या हातानं दारावर थाप मारली, म्हशीच्या पाठीवर मारावी तशी.

लग्नानंतर पाहुणे गेले, घर रिकामं झालं. मिस्त्रीनं तिला एकदोनदा गाडीत बसवून पाहिलं. खाली आडवा झाला, दाब म्हणाला. तिनं पाय लावला, पेडल घट्ट लागलं, ती गप्प राहिली. या वेळी हॉर्नही वाजवला नाही. नुसती वाट बघत बसली, याचा खेळ कधी संपतो म्हणून. नट ढिला करायला पाना कित्येक सकाळी त्याच्या हातात आला. पण आता ती उजाडायच्या आत जागी असायची आणि पलंगावरून दार दिसायचं. एकदा त्यानं तिकडे बघितलं तेव्हा ती त्याच्याकडेच बघत होती. रागानं नाही. त्यानं पाना खिळ्याला अडकवला.

त्यानंतर ती कुठलाच शब्द बोलली नाही. व्यायामवाल्या बाईनं प्रयत्न केले, मोठ्या डॉक्टरांना दाखवून झालं. मिस्त्री गाडीखाली आडवा व्हायचा तेव्हा तिची खुर्ची दारात असायची. दुसऱ्यांच्या गाड्यांची हवा काढायला त्यानं टायरवाल्याला बोलवायला सुरुवात केली. टायरवाला फार मोठ्यानं ओरडायचा, “दाबलं रे दाबलं.” मिस्त्री म्हणायचा, “एकदा सांग, मला ऐकू येतं.” मधूनच, कुणी काही विचारलेलं नसताना, त्याच्या डाव्या पायाचा अंगठा हलायचा. दारातून ते तिला दिसत असणार.

पुठ्ठे मात्र तो लावत राहिला. रोज रात्री म्हशीच्या चारी चाकांखाली चार तुकडे, आणि रोज सकाळी उचलून उजेडात धरून बघायचा. चारी कोरडे. काम चोख झालं होतं, असं काम त्याच्या हातून पूर्वी झालं नव्हतं आणि पुढेही झालं नाही.

लग्नाच्या पुढच्या वर्षी, नातीला मुलगी झाली त्याच महिन्यात, एका बुधवारी सकाळी मिस्त्रीची बायको झोपेतच वारली.